सोपं इंग्रजी, खरी गोष्ट: बारा वर्षांचा गोपाळ बडोद्याच्या गादीवर कसा बसला

प्रश्न असा आहे: मराठी माध्यमाच्या आठवीच्या मुलांसाठी सोप्या इंग्रजीत एक वाचनपाठ तयार करायचा आहे. विषय, ध्यानीमनी नसताना राजा झालेला लहान मुलगा. त्यासाठी परीकथेतला राजपुत्र घ्यावा की इतिहासातला? आणि इतिहासातला घेतला, तर त्यातलं राजकारण मोजक्या शब्दांत मुलांना झेपेल का?

इतिहासातलाच घ्या. जिल्हा परिषदेच्या शाळांत इंग्रजी शिकवण्यात आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी वाचनपाठ लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्या आधारावर हे ठामपणे सांगतो. परीकथेत म्हातारा राजा मरतो आणि राजपुत्र गादीवर बसतो. दोन वाक्यांत गोष्ट संपते, आणि मुलांना विचारायला काही उरत नाही. खऱ्या गोष्टीत प्रत्येक वळणाला कारण असतं, आणि कारण सांगायचं म्हटलं की ‘बिकॉज’, ‘सो’, ‘बट’ हे शब्द लागतातच. ते वेगळे शिकवावे लागत नाहीत, गोष्टच ते मागून घेते.

माझी निवड बडोद्याचे तिसरे सयाजीराव गायकवाड. ते काही राजवाड्यात जन्मलेले राजपुत्र नव्हते. गायकवाड घराण्याच्या एका दूरच्या शाखेतल्या शेतकरी कुटुंबात, मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावी, ११ मार्च १८६३ रोजी त्यांचा जन्म झाला. नाव गोपाळ, वडील काशीराव. बारा वर्षांचा होईपर्यंत गोपाळला लिहितावाचता येत नव्हतं. तुमच्या वर्गातली मुलं तेरा-चौदा वर्षांची आहेत. म्हणजे ज्या वयात ती इंग्रजीला घाबरून बसली आहेत, साधारण त्याच वयात या मुलाने मुळाक्षरांपासून सुरुवात केली, आणि त्यात मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा होत्या. आठवीच्या वर्गासाठी याहून जवळचा नायक मला तरी माहीत नाही.

आता तुमची खरी शंका, राजकारणाची. ते गाळू नका. गाळलं तर उरते फक्त ‘नशिबाने राजा झाला’ ही गोष्ट, आणि ती खोटी आहे. आधी तुम्ही स्वतः सगळा क्रम नीट समजून घ्या, मग त्यातलं मुलांना किती द्यायचं ते ठरवता येईल.

बडोद्याचे खंडेराव महाराज २८ नोव्हेंबर १८७० रोजी वारले. त्यांना मुलगा नव्हता. त्यांचे धाकटे भाऊ मल्हारराव तेव्हा बडोद्याजवळच्या पाद्रा गावी कैदेत होते, खंडेरावांविरुद्ध कट केल्याच्या संशयावरून १८६३ पासून. ते थेट कैदेतून गादीकडे आले. पण खंडेरावांची तरुण विधवा जमनाबाई गरोदर होत्या. मुलगा झाला तर गादी त्याची, म्हणून सगळे थांबले. जुलै १८७१ मध्ये मुलगी झाली आणि मल्हाररावांची गादी पक्की झाली. जमनाबाईंना बडोद्यात सुरक्षित वाटेना, त्या पुण्याला जाऊन राहिल्या.

मल्हाररावांच्या कारभाराबद्दल तक्रारी वाढत गेल्या. इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला त्यांचा प्रतिनिधी, कर्नल रॉबर्ट फेअर आणि महाराज यांचं तर अजिबात पटत नव्हतं. मधल्या काळात दादाभाई नौरोजी दिवाण म्हणून बडोद्याला आले, पण त्यांनाही तिथे टिकता आलं नाही. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी फेअरच्या सकाळच्या पपनसाच्या सरबतात गाळ दिसला. तपासणीत सोमल हे विष आणि हिऱ्याची पूड निघाली. आरोप महाराजांवर आला.

चौकशीसाठी सहा जणांचा आयोग नेमला गेला. बंगालचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच अध्यक्ष, त्यांच्यासोबत दोन इंग्रज अधिकारी, आणि तीन भारतीय: ग्वाल्हेरचे शिंदे महाराज, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे. मल्हाररावांच्या बचावासाठी सार्जंट बॅलंटाइन हा नामांकित वकील इंग्लंडहून आला. निकाल अर्धा-अर्धा फुटला. तिघा इंग्रजांनी दोषी ठरवलं, तिघा भारतीयांनी आरोप मान्य केला नाही. तरीही एप्रिल १८७५ मध्ये सरकारने मल्हाररावांना पदच्युत करून मद्रासला पाठवलं, आणि कारण दिलं ते विषाचं नाही, गैरकारभाराचं. १८८२ मध्ये ते तिकडेच वारले.

शिक्षक इथे अडखळतात. ‘हे सगळं सोप्या इंग्रजीत कसं बसवायचं? “मल्हाररावांनी विष दिलं” असं एक वाक्य टाकून पुढे जाऊ.’ कृपा करून असं करू नका. जे त्या काळी सहा जणांच्या आयोगालाही एकमताने म्हणता आलं नाही, ते आपण मुलांना ठाम सत्य म्हणून का द्यायचं? आणि यासाठी अवघड इंग्रजी लागतच नाही. हे बघा:

‘समबडी पुट पॉइझन इन द कर्नल्स ड्रिंक. सिक्स मेन ट्राइड टू फाइंड द ट्रुथ. थ्री ऑफ देम सेड, द किंग डिड इट. थ्री ऑफ देम डिड नॉट अग्री. बट द ब्रिटिश सेंट द किंग अवे.’

यात ‘पॉइझन’ आणि ‘ट्रुथ’ सोडले तर आठवीच्या मुलाला न येणारा शब्द नाही. तरीही इतिहासाशी प्रतारणा झालेली नाही. उलट ‘समबडी’ या एका शब्दाने सगळा संशय सांभाळला आहे, आणि शेवटच्या ‘बट’पाशी वर्गातला एखादा तरी विचारतो, ‘सर, तिघं नाही म्हणाले तर मग काढलं कसं?’ हा प्रश्न आला की पाठ जिवंत झाला. उत्तर मराठीत द्या, इंग्रजीचा हट्ट तिथे नको. सत्ता कोणाच्या हातात होती हे मुलांना मराठीत पटकन कळतं, आणि मग ती इंग्रजी वाक्यं दुसऱ्यांदा वाचताना त्यांचा चेहरा वेगळा असतो.

सोप्या लेखनाबद्दल माझं सगळं म्हणणं एवढंच आहे: शब्द कमी करा, वाक्यं लहान करा, पण घडलेलं बदलू नका.

पुढचा भाग मुलांचा सर्वांत आवडता. गादी रिकामी. जमनाबाईंना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली, पण निवडीला इंग्रजांची संमती हवी होती. गायकवाडांच्या शाखांमधून मुलं बघायला सुरुवात झाली आणि कवळाण्याच्या काशीरावांची मुलं बडोद्याला आली. त्यांत थोरला आनंदराव, मधला गोपाळ आणि धाकटा संपतराव. ‘इथे कशाला आलात?’ असं प्रत्येकाला विचारलं गेलं, आणि गोपाळ न अडखळता म्हणाला, ‘राज्य करायला.’ हा प्रसंग पिढ्यानपिढ्या सांगितला जातो. मुलांनाही तो ‘लोक असं सांगतात’ म्हणूनच द्या. त्यासाठी ‘पीपल से’ एवढे दोन शब्द पुरतात, आणि ऐकीव गोष्ट आणि नोंदलेली गोष्ट यांतला फरक करायची सवय मुलांना लागते.

पाठात हा संवाद थेट लिहा: ‘व्हाय हॅव यू कम हिअर?’ ‘आय हॅव कम टू रूल.’ यातल्या ‘टू रूल’वर पूर्ण तासिका निघते. तू शाळेत कशाला येतोस, बाजारात कशाला गेलास, आई तालुक्याला कशाला गेली, प्रत्येक उत्तरात तीच रचना येते. फळ्यावर नियम लिहिण्याआधी दोन-दोन मुलांना उभं करून हा प्रसंग करून घ्या. गोपाळ कोणी व्हायचं यावरून भांडणं होतील, होऊ द्यात. मुलींनाही गोपाळ होऊ द्या. आणि जमनाबाईंची भूमिका वर्गातल्या सर्वांत शांत मुलीला द्या. त्या भूमिकेला प्रश्न विचारायचे असतात, उत्तर द्यायचं दडपण नसतं.

हा तास घेताना एक सावधगिरी. गोष्ट वाचायला देण्याआधी तुम्ही ती तोंडी सांगा, आणि गोपाळ उत्तर देणार त्याच्या आधी थांबा. ‘तो काय म्हणाला असेल?’ मुलं मराठीत सांगतील, काही मोडक्या इंग्रजीत सांगतील, सगळं फळ्यावर घ्या. मग कागद वाटा. आता मूल वाचतं ते आपला अंदाज बरोबर आला का हे बघायला. धडा मोठ्याने वाचायचा, अर्थ सांगायचा, प्रश्नोत्तरं लिहून घ्यायची, ही आपल्याकडची चालत आलेली पद्धत या गोष्टीचा जीव घेते.

२७ मे १८७५ रोजी दत्तकविधी झाला, गोपाळचं नाव सयाजीराव ठेवलं गेलं, आणि १६ जून १८७५ रोजी ते गादीवर बसले. दत्तकविधान हे आपल्याकडच्या मुलांना माहीत असतं, गावात एखादं उदाहरण असतंच. त्यामुळे ‘अडॉप्ट’ हा शब्द पाठाआधी सांगून ठेवायच्या शब्दांत घ्या. माझ्या यादीत आणखी चार आहेत: ‘थ्रोन’, ‘विडो’, ‘रूल’ आणि ‘पॉइझन’. एवढे पुरे. अभ्यासकांचा साधारण दाखला असा की कोणाच्या मदतीशिवाय मजेने वाचायचं तर शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असावे लागतात. वर्गात शिक्षक सोबत असतो, म्हणून पंच्याण्णव असले तरी निभतं. तीनशे शब्दांच्या पाठात हे पाच शब्द दोन-तीनदा आले तरी तुम्ही मर्यादेत राहता. पाठ लिहून झाला की वर्गातल्या मध्यम मुलाच्या नजरेने वाचून अनोळखी शब्दांखाली रेघ मारा आणि मोजा. हे काम कंटाळवाणं आहे, पण याला दुसरा उपाय नाही.

शब्दांपेक्षा मराठी मुलांना छळतात त्या रचना. या गोष्टीत ‘वॉज अडॉप्टेड’, ‘वॉज ब्रॉट’, ‘वॉज सेंट अवे’ अशी कर्मणी वाक्यं ओघाने येऊ पाहतात, कारण गोपाळच्या आयुष्यात त्या काळात सगळं दुसरेच ठरवत होते. पहिल्या वाचनासाठी ती कर्तरी करा: ‘जमनाबाई अडॉप्टेड हिम’, ‘दे ब्रॉट हिम टू बडोदा’. कोणी काय केलं हे स्पष्ट होतं आणि ‘दे म्हणजे कोण?’ हा चांगला प्रश्नही निघतो. आठवड्याने तोच परिच्छेद कर्मणीत द्या आणि दोन्हींत काय बदललं ते मुलांना शोधू द्या. एकदा गोष्ट डोक्यात बसली की व्याकरण तिच्या आधाराने उभं राहतं.

घटना घडल्या त्याच क्रमाने सांगा. ‘त्याआधी असं झालं होतं’ म्हणून मागे गेलात की ‘हॅड’ आणि त्यामागचा सगळा गुंता येतो. खंडेरावांपासून सुरू करा आणि सरळ पुढे या. या गोष्टीचा नायक पाठाच्या मध्यावर येतो, म्हणून काही शिक्षक सुरुवातीलाच गोपाळला आणून मग मागे वळतात. माझा त्याला विरोध आहे. राजवाड्यात मोठी माणसं भांडत आहेत, आणि दूर कवळाण्यात एका मुलाला त्याचा पत्ताही नाही, ही ओढ सरळ क्रमातच तयार होते. फार तर दुसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी एक वाक्य घाला: ‘फार अवे, अ बॉय लिव्ह्ड इन अ स्मॉल व्हिलेज.’

फळ्याजवळ नकाशा लावा. मालेगाव, पुणे, मुंबई, बडोदा ही चार ठिकाणं मुलांनी स्वतः दाखवावीत. नाशिक जिल्ह्यातल्या शाळेत असाल तर हा तास आपोआप रंगतो.

गादीवर बसला म्हणजे गोष्ट संपली असं समजू नका. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी मोलाचा भाग इथून पुढे आहे. सयाजीराव वयाने अज्ञान होते, म्हणून कारभार सर टी. माधवराव यांच्याकडे गेला. त्रावणकोर आणि इंदूरचा अनुभव असलेले हे दिवाण. इंग्रजांना बारा वर्षांचा राजा सोयीचा होता, कारण काही वर्षं तरी राज्य त्यांच्या पसंतीच्या माणसांच्या हाती राहणार होतं. हेही मुलांना सांगा. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंग्लंडचा युवराज, पुढचा सातवा एडवर्ड, हिंदुस्थानच्या दौऱ्यात बडोद्याला आला, आणि काही महिन्यांपूर्वीपर्यंत कवळाण्यात राहणाऱ्या मुलाने राजा म्हणून त्याचं स्वागत केलं. त्या दोघांच्या भेटीचा संवाद मुलांकडून लिहून घ्या. काय बोलले असतील, कोण दुभाषा असेल, गोपाळला काय समजलं असेल? मुलं यावर पानंच्या पानं लिहितात.

शिक्षणासाठी एफ. ए. एच. इलियट हे इंग्रज अधिकारी नेमले गेले. अभ्यासाला उशिरा सुरुवात झालेला मुलगा, एकदम चार भाषा, शिवाय तालीम, घोडेस्वारी आणि दरबारी रीतिरिवाज. सुरुवात जड गेली, पण शिक्षकांनी सोडलं नाही आणि मुलानेही. पुढे १८८१ मध्ये माधवरावांनी या तरुण महाराजांना राज्यकारभारावर इंग्रजीत व्याख्यानं दिली, ती ‘मायनर हिंट्स’ नावाने छापली गेली. राजाने खर्च कसा बघावा, माणसं कशी निवडावीत, प्रजेचं सुख म्हणजे काय, असे विषय, आणि ते मांडायला साधी, थेट भाषा. मला या व्याख्यानांबद्दल विशेष जिव्हाळा आहे. सहा वर्षांपूर्वी अक्षरओळख नसलेला मुलगा राज्यशास्त्र इंग्रजीतून ऐकत होता, आणि त्याच्यासमोर बोलणारा विद्वान आपली विद्वत्ता न दाखवता त्याला समजेल असं बोलत होता. भाषा सोपी ठेवून आशय भारी ठेवता येतो, याचा दीडशे वर्षांपूर्वीचा पुरावाच आहे हा.

२८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांना संपूर्ण अधिकार मिळाले. आठवीचा पाठ इथे संपवा. त्यापुढची सत्तावन्न वर्षं, म्हणजे ६ फेब्रुवारी १९३९ ला मुंबईत निधन होईपर्यंतची, एका पाठात कोंबायला गेलात तर कामांची यादी होईल, गोष्ट राहणार नाही. त्यातली एकच घटना वेगळ्या छोट्या पाठासाठी ठेवा. माझी पसंती सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाला. १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग आणि १९०६ पासून संपूर्ण राज्यात अंमल. ज्याला बाराव्या वर्षापर्यंत शाळा मिळाली नाही, त्याने आपल्या राज्यात शाळा सक्तीची केली, हे नातं मुलं स्वतः जोडतात, तुम्ही आधी सांगू नका. वर्ग थोडा तयार असेल तर १९१३ घ्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तो प्रसंग. ‘वेंट’, ‘स्टडीड’, ‘केम बॅक’ अशा साध्या भूतकाळात तो पूर्ण मांडता येतो.

मूल्यमापनाबद्दलही लिहितो, कारण तिथे चांगला पाठ वाया जातो. ‘सयाजीराव कधी जन्मले’ छापाचे प्रश्न दोनच ठेवा. त्याऐवजी मुलांना आनंदराव व्हायला सांगा. तो थोरला भाऊ होता, त्यालाही तोच प्रश्न विचारला गेला होता, आणि निवड झाली त्याच्याहून धाकट्या गोपाळची. त्या रात्री तो वडिलांशी काय बोलला असेल, ते पाच-सहा इंग्रजी वाक्यांत लिहायचं. अभ्यासात मागे असलेल्या मुलांना पहिलं वाक्य तुम्ही द्या: ‘फादर, आय अॅम द एल्डर ब्रदर.’ पुढे त्यांना बहुधा मदत लागत नाही, घरोघरी हे भांडण असतंच. वह्या तपासताना फक्त क्रियापदांची भूतकाळी रूपं दुरुस्त करा, बाकीच्या चुकांना या खेपेला हात लावू नका, आणि ज्या वाक्यात मुलाने स्वतःहून ‘बिकॉज’ वापरलं असेल त्याच्याखाली हिरवी रेघ मारून वही परत द्या.